गिरणीवरचा फळा, नाल्यापलीकडची गल्ली

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या संक्रांतीला मी अठ्ठावीस चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. वाण म्हणून. घरं मोजून आणल्या होत्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. तिळाचे लाडू वळून ठेवले, दारात रांगोळी काढली, काठाचं पातळ नेसले आणि साडेचारपासून वाट बघत बसले. सात वाजेपर्यंत चार बायका आल्या. त्यातली एक दूध घालायला आली होती, तिला मीच बसवून घेतलं.

झालं असं होतं, की शेजारच्या वैनी मला म्हणाल्या होत्या, तुम्ही नवीन, तुम्ही कुठं दारोदार फिरता, मी सांगते सगळ्यांना. त्यांनी कंपाउंडरच्या बायकोला सांगितलं, पुढं सांगा. कंपाउंडरच्या बायकोला वाटलं, तिसऱ्या गल्लीत कंडक्टरची बायको सांगेल. कंडक्टरची बायको माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्यापाशी सगळ्या भेटल्या तेव्हा प्रत्येकीचा चेहरा असा, की मी जणू तिला गाळूनच टाकलंय. मी हसत बोलायला गेले तर एक जण भेंडी निवडता निवडता म्हणाली, नोकरीवाल्या बायांना कुठं वेळ राहतो आम्हाला बोलवायला. पुढचा महिनाभर मी कोणी भेटेल त्याला गाळणी देत होते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, जिनिंगच्या मागच्या बाजूला, एका शेताचे प्लॉट पडले होते आणि त्यावर आमची कॉलनी उभी राहिली होती. शिक्षक, कारकून, एसटीचे कंडक्टर, दवाखान्यातले कंपाउंडर, असे पगारदार लोक. कोणी आष्टीकडचं, कोणी परतूरचं, कोणी पार जाफ्राबाद तालुक्यातलं. सगळे गावातून आलेले. आणि गावात कसं असतं, बातमी सांगावी लागत नाही, उलट ती लपवावी लागते. पारावर, विहिरीवर, ओट्यावर ती आपोआप पसरते. इथं प्रत्येकानं घराआधी कंपाउंड बांधलं होतं. सकाळी दहाला पुरुष सायकली काढून जायचे, दारं लागायची, आणि बातमी ज्या घरात असेल त्या घरातच बसून राहायची.

सगळ्यात हाल व्हायचे ते पाण्याचे. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी, ते सगळ्या गावालाच तसं होतं, तक्रार ती नव्हती. पण कधी येणार ते कळायचं नाही. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस जाता जाता एका हॉटेलात चहा प्यायचा आणि तिथं सांगून जायचा. त्या हॉटेलात बसणाऱ्यांच्या घरचे रांजण भरलेले असायचे, आमचे कोरडे.

मी मुलींच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. शाळेत एक फळा अडगळीत पडला होता, एक कोपरा फुटलेला, बाकी ठणठणीत. मोठ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. हातगाडीवर टाकून तो कॉलनीत आणला तेव्हा आमचे हे दारातच उभे होते. काय करायचं ठरवलंय ते मी सांगितलं. सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "चांगलंय. आधी घरात लिहीत जा, आज भाजी काय आहे ते."

फळा लावायचा कुठं, याचा विचार फार करावा लागला नाही. कॉलनीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. दळण प्रत्येक घराला लागतं. गिरणीवाले मामा टेंभुर्णीकडचे, उंच, कमी बोलणारे, भुवया कायम पिठानं पांढऱ्या. त्यांनी भिंत द्यायला हो म्हटलं, पण एक अट घातली. रोज पहिली ओळ गिरणीची. लाइट कधी जाणार आणि बाजरीचं दळण कोणत्या वारी, ते आधी लिहायचं, मग तुमचं पाणी-बिणी.

शाळेला जाता जाता मी सायकल उभी करायची आणि लिहायची. व्हॉल्व्हवाल्याच्या हॉटेलात आमच्या ह्यांना आदल्या दिवशी चहाला पाठवायचं, हे गुपित होतं. 'उद्या सकाळी सहा ते सात पाणी.' 'शनिवारी दवाखान्यात ट्रिपलचा डोस.' 'देवळातून एका पायातली चप्पल बदलून गेली आहे, डाव्या पायातली. ज्यांनी नेली त्यांना पण चालायला त्रास होत असेल.' ही शेवटची बातमी फार गाजली. संध्याकाळपर्यंत चप्पल परत आली. दहावीचा निकाल लागला की पास झालेल्या मुलामुलींची यादी मी फळ्यावर लिहायची. नापास झालेल्यांची नाही लिहायची, पण लोक यादी वाचून बाकीची आपोआप काढायचे.

महिना-दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की फळ्यावर मी लिहिते एक आणि कॉलनीत पोचतं दुसरंच. मी लिहिलं होतं, उद्या पाणी सहाला. शेजारच्या वैनी म्हणाल्या, उद्या पाणी सहाला, पण गढूळ येणार म्हणे, आणि त्या बाईंचा काही भरोसा नाही, पाचलाच उठलेलं बरं. मी चक्रावले. मग एका सुटीच्या दिवशी दळण घेऊन मुद्दाम गिरणीत बसले. मामा पट्टा लावता लावता पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, माझा चष्मा घरी राह्यला, काय लिहिलंय बघ बरं. त्यानं वाचलं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मामा ते तोंडपाठ सांगत होते, आणि दर गिऱ्हाइकाला त्यात थोडं स्वतःचं घालत होते. मामांना चष्मा नव्हताच. मामांना वाचताच येत नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून लिहून झालं की मी मोठ्यानं एकदा वाचायची, मामांकडं न बघता, जणू शुद्धलेखन तपासतेय. मामाही माझ्याकडं न बघता ऐकायचे.

असं छान चाललं होतं. मला वाटायला लागलं, की आपण कॉलनीला जोडलंय. थोडी शेफारलेही होते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या वर्षी कॉलनीसाठी एक हातपंप मंजूर झाल्याची बातमी आली. ती आणली पेशकारसाहेबांनी. ते तहसीलमधून रिटायर झालेले, निजामाच्या काळात पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, म्हणून नोकरीला लागलेले, त्यामुळं त्यांना सगळे पेशकारच म्हणत. कॉलनीचे अध्यक्ष तेच. कोणी निवडलं नव्हतं, पण खुर्ची पुढं आली की ते बसत आणि ते बसले की सभा सुरू होई. ओव्हरसियर येऊन दोन जागा बघून गेला होता, एक देवळाच्या प्लॉटवर, एक कॉलनीतल्या प्राथमिक शाळेच्या भिंतीला लागून. दोन्हीपैकी कुठं बोअर घ्यायचा ते तुम्ही ठरवा म्हणाला. पेशकारसाहेबांनी रविवारी सकाळी सभा ठेवली आणि मी सुंदर अक्षरात, दोन रंगांचे खडू वापरून ती फळ्यावर लिहिली.

सभेला सतरा जण आले. मी धरून दोन बायका. देवळाच्या प्लॉटवर पंप घ्यायचा असं दहा मिनिटांत ठरलं. देवळाचा प्लॉट पहिल्या गल्लीत, पेशकारसाहेबांच्या घरासमोर, आणि आमच्याही घरापासून चाळीस पावलांवर. मी घरी येताना खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडं एक बाई आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी, ड्युटीवरून थेट आलेल्या. दवाखान्यातल्या सिस्टर. आमच्या गल्लीतल्या मुलांना त्यांनी डोस पाजले होते, ओळख तेवढीच. कॉलनीच्या कडेच्या नाल्यापलीकडं घरांची जी एक ओळ होती, तिथं त्या राहायच्या. तिकडं पाच बौद्ध कुटुंबं, त्यातले दोघे शिक्षक, आणि तीन मजुरी करणाऱ्यांची घरं. त्या बाजूला मी दोन वर्षांत एकदाही गेले नव्हते. कारण पडलं नव्हतं, असं मी म्हणायचे.

मी चहा ठेवते म्हणाले, त्या नको म्हणाल्या. खुर्चीवर बसून त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "बाई, आपल्या कॉलनीत घरं किती?"

मी म्हणाले, "अठ्ठावीस."

"प्लॉटच्या नकाशात छत्तीस आहेत," त्या म्हणाल्या. "आमची ओळ म्हणजे चौथी गल्ली. नकाशात तसंच लिहिलंय."

सभेचं फळ्यावर लिहिलं होतं, एवढंच मी पुटपुटले. त्यावर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फळा चांगलाय. पण तो तुमच्या रस्त्यावर लावलाय. आम्ही मागच्या वाटेनं स्टेशनकडं जातो, दळण तिकडंच टाकतो. आम्ही वाचणार कधी? माझ्या सासूबाई दोन घागरी घेऊन नाला उतरून पहिल्या गल्लीपर्यंत येणार आणि भरून परत जाणार. हे तुम्ही सभेत धरलंत का?"

धरलं नव्हतं. आमच्यापैकी एकानंही तो शब्द काढला नव्हता. त्या गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिले. मला त्या गाळण्या आठवल्या. घरं मोजून आणल्या होत्या मी, अठ्ठावीस. माझा नवीनपणाचा काळ होता, ऐकलं ते धरलं, असं स्वतःला सांगून बघितलं. पण नंतर दोन वर्षं त्याच आकड्यानं मी कॉलनी चालवत होते आणि एकदाही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं, हे काही केल्या गिळता येईना.

हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, मग पुन्हा सभा घ्या, त्यात काय. ह्यांना सगळं सोपंच वाटतं, आणि कधी कधी ते असतंही.

दुसऱ्या दिवशी मी पेशकारसाहेबांकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की नोटीस रीतसर लागली होती, फळा तुमचा, अक्षर तुमचं, आता तुम्हीच म्हणता नोटीस पोचली नाही. ठराव झाला की झाला, नाहीतर दर रविवारी नवा ठराव होईल आणि पंप कागदावरच राहील. तहसीलमध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांच्याशी मी काय वाद घालणार. मी उठले.

पण सकाळी फळ्यापाशी आल्यावर माझा हात पाण्याच्या बातमीकडं वळेना. मी लिहिलं, 'रविवारची सभा अपुरी झाली. चौथ्या गल्लीला कळवायचे राहून गेले, ही चूक फळा लिहिणारीची. पंपासाठी सभा पुन्हा पुढच्या बुधवारी पाच वाजता, मोकळ्या प्लॉटवर.' लिहून झाल्यावर नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं.

दुपारी शाळेतून परत आले तर फळा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेला. पेशकारसाहेबांनी फिरायला जाता जाता पुसला होता, सगळ्यांदेखत. मी पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फडकं घेऊन आले. या वेळी मी तिथंच होते. मामा गिरणीच्या दारात आले, हात पुसले, आणि त्यांच्या इतक्या वर्षांतलं बहुधा सगळ्यात लांब बोलणं बोलले. "पुसा की साहेब, भिंत माझी हाय, पण फळ्यावर तुमचा हक बराबर. फक्त मला पाठ झालंय. कालपासून सांगून राह्यलो सगळ्यांना. आता ते कसं पुसता?"

पेशकारसाहेबांनी फडकं घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले. रागानं की कसं, मला कळलं नाही.

सिस्टरना हे सांगायला मी पहिल्यांदा नाला ओलांडून गेले. त्यांच्या ओळीत आमच्यापेक्षा झाडं जास्त होती. प्रत्येक घरापुढं शेवगा, आणि कंपाउंडं नव्हती म्हणून सगळ्यांची अंगणं एकमेकांत मिसळलेली. सिस्टर भाकरी करत होत्या. ऐकून म्हणाल्या, फळ्यावर परत लिहिलंत ते ठीक, पण बुधवारी माणसं नुसत्या लिहिण्यानं येणार न्हाईत. आपण दोघी घरोघर जाऊ.

मी म्हटलं, सांगायला किती वेळ लागतो, एका संध्याकाळी होईल.

त्या हसल्या. डोसाच्या कामासाठी त्या वर्षानुवर्षं घरोघर फिरल्या होत्या, कुठल्या घरात कोण दार उघडतं आणि कोण घरात असून आतून कडी लावून घेतं, हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "बाई, सांगायला गेलं की दार अर्धं उघडतं. विचारायला गेलं की पूर्ण."

दोन संध्याकाळी लागल्या. छत्तीस घरं. फाटकातून ओरडून सांगायचं नाही, आत जाऊन टेकायचं, पाणी कुठून आणता, दिवसाला किती घागरी, आणायला कोण जातं, असं विचारायचं. मला वाटलं होतं, माझ्या तीन गल्ल्यांना तरी सगळं ठाऊक असेल. कंपाउंडरच्या आईला फळा आहे हेच माहीत नव्हतं. त्या घराबाहेर पडतच नव्हत्या, गुडघे धरलेले. कंडक्टर म्हणाले, रविवार आठवडी बाजाराचा दिवस, जादा गाड्या सुटतात, मला रविवारची सभा कशी जमणार, कोणी विचारलंय का? एका घरात सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं करत हळूच विचारलं, सभेला बायकांनी आलं तर चालतं का? सिस्टर म्हणाल्या, पाणी आणतं कोण? ती म्हणाली, मी. मंग झालं की, सिस्टर म्हणाल्या.

आमच्या शेजारच्या वैनींकडं मात्र जरा अवघड झालं. सिस्टर कुठल्या ओळीतल्या हे वैनींना माहीत होतं. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, मला चहाचा कप दिला, आणि सिस्टरना विचारलं, तुम्ही घेता का, अशा सुरात की उत्तर नाही असंच यावं. सिस्टर म्हणाल्या, घेईन की, साखर कमी. वैनी आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मला जमिनीत जावंसं वाटलं. शेवटी वैनी चहा घेऊन आल्या, माझ्यासारख्याच कपात. सिस्टरनी तो सावकाश प्यायला आणि वैनींच्या धाकट्याचा राहिलेला डोस कधीचा आहे ते सांगितलं. बाहेर आल्यावर मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, राहू द्या, आपल्याला अजून अकरा घरं आहेत.

बुधवारी मोकळ्या प्लॉटवर मी सतरंजी अंथरली, ती दहा मिनिटांत पुरेनाशी झाली. कोणी पोतं आणलं, कोणी चटई. कंपाउंडरच्या आईला दोघींनी धरून आणलं. कंडक्टर ड्युटीवरून खाकी कपड्यातच आले. मामांनी गिरणी बंद ठेवली, आणि हे दसऱ्याखेरीज कधी घडलं नव्हतं. पाच वाजून गेल्यावर पेशकारसाहेबही आले. घरून स्वतःची खुर्ची घेऊन, आणि ती सगळ्यांच्या पुढं न ठेवता एका बाजूला ठेवून बसले.

देऊळ की शाळा, यावर तासभर बोलणं झालं. सगळे एकदम बोलत होते. जो तो आपल्या घराकडून पावलं मोजत होता. शेवटी सिस्टरच्या सासूबाई उठल्या. हिरवं लुगडं, अंगानं काटकुळ्या, चालायला खणखणीत. सिस्टर त्यांना आत्याबाई म्हणायच्या, मीही मग तेच म्हणू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "मी ह्या रानात निंदायला येत व्हते. प्लॉट पडायच्या आधी. तुम्ही कोणी नव्हता तवाची गोष्ट."

त्यांनी हात करून दाखवलं. दुसऱ्या गल्लीचं टोक आणि नाला यांच्या मधे, जिथं आता बाभळी वाढल्या होत्या, तिथं एक विहीर होती. मालकानं प्लॉट विकायच्या वेळी ती बुजवली. ऐन उन्हाळ्यात आम्ही तिथंच भाकरी खायला बसायचो, त्या म्हणाल्या, कारण रान सगळं भुरकं झालं तरी तिथली हरळी हिरवी राहायची. देवळापाशी नुसता खडक आहे, कुदळ मारली की ठिणगी उडते. पंप तिथं घ्याल तर पंपच राहील, पाणी राहणार न्हाई.

एक-दोघे पुरुष कुजबुजले, की म्हातारीच्या आठवणीवर सरकारी बोअर घ्यायचा का. तेव्हा पेशकारसाहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता झालं. ते म्हणाले, आठवणीवर न्हाई घ्यायचा. विहीर असेल तर सातबाऱ्यावर तिची नोंद असेल. मी उद्या जाऊन बघतो.

आणि ते खरंच गेले. त्यांच्याच जुन्या कचेरीत, जुनी दप्तरं काढून बसले. दोन दिवसांनी गिरणीपाशी आले, मी फळा लिहीत होते. माझ्याकडं न बघता फळ्याकडं बघत म्हणाले, "लिहा. सर्व्हे नंबरात विहीर एक. नोंद आहे. बाईंचं म्हणणं बराबर आहे." मी लिहिलं. ते तिथं उभं राहून पूर्ण वाचून गेले, आणि एका ठिकाणी मी 'विहीर'चा दीर्घ ऱ्हस्व केला होता तो दाखवून गेले.

ओव्हरसियरनं जरा कुरकुर केली, पण नोंद बघितल्यावर तयार झाला. बोअरची गाडी आली त्या दिवशी शाळेत अर्ध्या मुली गैरहजर होत्या आणि मी हजेरी घेताना ते फार मनावर घेतलं नाही. आधी धूळ उडाली, मग चिखल, मग काळपट पाणी, आणि मग बऱ्याच वेळानं स्वच्छ पाण्याची धार. पंप बसल्यावर पेशकारसाहेबांनी आत्याबाईंना पुढं बोलावलं, पहिला हात तुम्ही मारा म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, मी काय उगंच हात मारू, घागर आणली न्हाई मी. त्या तशाच घरी गेल्या, दोन घागरी घेऊन आल्या, आणि तोवर सगळी कॉलनी उभी होती.

पाणी मात्र मचूळ निघालं. धुण्याभांड्याला उत्तम, प्यायलाही चालायचं, पण त्यात डाळ काही केल्या शिजायची नाही. वैनींनी पेशकारसाहेबांना ऐकवलं तर ते म्हणाले, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, चवीची नसते. तरीही पुढच्या उन्हाळ्यात नळ महिनाभर आटला तेव्हा चारी गल्ल्या त्याच पंपावर होत्या. ओळ लागायची, भांडणं व्हायची, आणि भांडता भांडता एकमेकींच्या घरातलं सगळं कळायचं.

त्या वर्षी दुसरा फळा झाला. चौथ्या गल्लीतल्या एका सरांनी नाल्यावरच्या फरशीजवळ, म्हणजे ठेंगण्या पुलाजवळ, भिंतीचा चौकोन प्लास्टर करून काळ्या रंगानं रंगवला. तो सिस्टर लिहायच्या. त्यांचं अक्षर माझ्याइतकं वळणदार नव्हतं, हे मी आनंदानं नमूद करते. पण त्यांचा फळा वेगळाच होता. मी लिहायची, अमुक दिवशी अमुक होणार. त्या लिहायच्या, 'पावसाळ्याआधी नाल्यात दगड टाकायचे आहेत. कोण येणार? खाली नाव लिहा.' आणि खाली नावं लिहायला खडूचा तुकडा दोरीनं बांधून ठेवायच्या. एकदा त्यांनी नुसतं लिहिलं, 'कॉलनीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा?' खाली पंधरा उत्तरं आली. डुकरं, मोकाट कुत्री, एकाच्या घरचा टेपरेकॉर्डर, आणि कोणीतरी लिहिलं होतं, सासू. त्या अक्षराचा शोध बरेच दिवस चालला.

मीही मग माझ्या फळ्याचा खालचा अर्धा भाग मोकळा ठेवू लागले. मामांना ते आवडलं नाही. जागा रिकामी सोडली तर मी लोकांना काय सांगू, म्हणाले.

नव्वदनंतर घरात टीव्ही आले, चौकात एसटीडीचा बूथ आला, दोन-चार घरी फोनही. पाण्याचं फोनवर कळायला लागलं. तरी दोन्ही फळे चालू होते, रोज नाही, पण चालू. मग एका जूनमध्ये सिस्टरची बदली आष्टीला झाली. आत्याबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यामुळं सगळं घरच हलणार होतं. त्यांचं सामान टेम्पोत भरत होते तेव्हा मी गेले. आम्ही दोघी फार बोललो नाही. इतकी वर्षं एवढं बोललो होतो की निरोपाचं वेगळं काही उरलं नव्हतं. वैनी डब्यात पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या आणि सिस्टरच्या पिशवीत त्या कशा बसतील याच्यावर दोघींचं थोडं भांडण झालं.

टेम्पो गेल्यावर मी परत येताना फरशीजवळ थांबले. सिस्टरनी सकाळीच लिहून ठेवलं होतं, 'आजपासून हा फळा ज्याला काही सांगायचे असेल त्याने लिहावा. खडू पलीकडच्या घरी खिडकीत आहेत. काही विचारायचे असेल तर ते सगळ्यात वर लिहावे.'

मला वाटलं, चार दिवसांत धूळ बसेल. आठवड्यानं शाळेतून येताना मुद्दाम वाकडी वाट करून गेले. फळ्यावर सहा-सात वेगवेगळी अक्षरं होती, एकमेकांना ढकलत, तिरकी, काही ठिकाणी एकावर एक. कोणाचं कोकरू हरवलं होतं. कोणाला सायकल विकायची होती. कंडक्टरांनी यात्रेच्या जादा गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एक प्रश्न होता, 'पंपाचे वायसर गेले आहे, दुरुस्तीवाल्याला निरोप कोण देनार?' त्यातल्या 'देनार'खाली तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलं होतं, मी, मी, मी. मी सायकल भिंतीला टेकवली आणि त्यांच्यापैकी नक्की जाणार कोण, ते खाली लिहून विचारलं.